स्वस्त आठ-तारी बेस: पिकअप बदलण्याआधी काय पाहावे

आपण विचारले आहे की, परदेशातून मागवलेल्या, चिनी बनावटीच्या, ३४ इंची स्केलच्या (स्केल म्हणजे नटापासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी) स्वस्त आठ-तारी बेस गिटारला कोणते पिकअप, म्हणजे तारांचे कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे भाग, बसवावेत. सोबत ज्या तक्रारी दिल्या आहेत त्या अशा: मोकळ्या तारा स्वर मोजणाऱ्या ट्यूनरवर व्यवस्थित लागतात, पण पहिल्या दोन-तीन फ्रेटवरच (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) जोडी कणसूर वाजू लागते आणि सातव्या फ्रेटच्या पुढे तर ऐकवत नाही, बारीक तारा झणझणतात, डावा हात सोडला की मान जमिनीकडे झुकते, आणि ॲम्प लावला की गुणगुण थांबत नाही. या चारही तक्रारींपैकी पिकअपशी संबंध असलाच तर शेवटच्या एकीचा आहे, आणि तोही बहुधा पिकअपचा नसून त्याच्याभोवतीच्या वायरिंगचा असावा. म्हणून पिकअपची खरेदी तूर्त थांबवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. गिटार-बेसच्या दुरुस्तीच्या कामात असे आठ-तारी बेस माझ्याकडे येत असतात, आणि बहुतेक वेळा मालक याच प्रश्नाने सुरुवात करतात, कारण पिकअप ही विकत घेता येणारी गोष्ट आहे आणि नट (मानेच्या डोक्याकडच्या टोकाची खाचांची पट्टी) किंवा सॅडल (दुसऱ्या टोकाला, ब्रिजवर तार टेकते तो भाग) नीट घासून घेणे ही कोणाकडून तरी करून घ्यावी लागणारी गोष्ट आहे.

खरा प्रश्न कोणता ते आधी नक्की करू. आठ-तारी बेस म्हणजे चार जोड्या; प्रत्येक जोडीत एक नेहमीची जाड तार आणि तिच्या वरच्या सप्तकात लावलेली एक बारीक तार. साध्या चार-तारी बेसवर एखादा स्वर पाच-सहा सेंट चढा वाजला (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), तर बँडच्या आवाजात तो सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही. आठ-तारीवर मात्र त्याच बोटाखाली दुसरी तार साक्षीदार म्हणून उभी असते. जाड तारेचा दुसरा स्वरांश (तिच्याच आवाजातला, मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांचा अंश) आणि बारीक तारेचा मूळ स्वर एकाच ठिकाणी येतात आणि त्यांच्यात जरा जरी फरक असला तरी स्वर हेलकावू लागतो. आकड्यांत सांगायचे तर, मोकळ्या ई जोडीत बारीक तार ८२.४ हर्ट्झला असते. तेथे ५ सेंटांचा फरक असेल तर चार सेकंदांत एक संथ हेलकावा येतो, आणि तो कानाला गोडही वाटतो, कारण आठ-तारीचा भरलेला आवाज काही अंशी त्यातूनच येतो. उलट जी जोडीच्या बाराव्या फ्रेटवर बारीक तार ३९२ हर्ट्झला असते आणि तेथे १५ सेंटांचा फरक पडला तर सेकंदाला तीनहून अधिक हेलकावे ऐकू येतात. आपल्याला जे ऐकवत नाही ते हे. याचा अर्थ असा की, या वाद्यात प्रत्येक तार स्वतंत्रपणे किती अचूक आहे यापेक्षा जोडीतल्या दोन तारा मानेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकमेकींशी किती जुळून राहतात, ही कसोटी महत्त्वाची आहे. कोणताही पिकअप ही कसोटी बदलू शकत नाही. चांगला पिकअप तर ती विसंगती अधिक स्पष्ट ऐकवील.

काही गोष्टी आपले वाद्य प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सांगता येणार नाहीत. ब्रिजवर चार सॅडल आहेत की आठ, ट्रस रॉडमध्ये (मानेच्या आतली, तिची कमान सांभाळणारी सळई) अजून फिरण्याची जागा उरली आहे की नाही, आणि आपण बोटांनी वाजवता की पिकने, यांवर पुढचे बरेच निर्णय अवलंबून आहेत. जेथे फरक पडतो तेथे मी तो सांगत जाईन.

पहिले काम तारांचे. कारखान्यातून आलेल्या तारा काढून नव्या लावल्याशिवाय कोणतेही मोजमाप करण्यात अर्थ नाही. जुन्या, गंजलेल्या किंवा असमान जाडीच्या तारेचे इंटोनेशन, म्हणजे मानेवर सगळीकडे स्वर खरा लागणे, कोणत्याच ब्रिजवर जुळत नाही. मात्र तारा निवडताना ताणाचा विचार करावा. ३४ इंची स्केलवर ०.०४५ ते ०.१०५ इंचांचा चार तारांचा संच नेहमीच्या स्वरांत साधारण ८० ते ८५ किलोंचा ताण देतो. वरच्या सप्तकाच्या चार तारा ०.०१६, ०.०२४, ०.०३२ आणि ०.०४२ इंचांच्या आसपास घेतल्या तर प्रत्येकी सुमारे १२ किलो, म्हणजे आणखी जवळजवळ ५० किलोंची भर पडते. एकूण १३० किलोंच्या घरातला, म्हणजे चार-तारीच्या दीडपट ताण ती मान आणि तो ब्रिज सोसत असतात. स्वस्त वाद्यात ही मान बहुधा चार किंवा पाच तारांसाठी आखलेल्या मानेचीच रुंद आवृत्ती असते. म्हणून जाड तारा ०.०४० ते ०.०९५ इंचांच्या हलक्या संचातल्या घ्याव्यात, असे मी सुचवतो. भरीव आवाजाची काळजी करू नये; बारीक तारांमुळे आवाजात इतकी भर पडते की जाड तारेची ती उणीव जाणवत नाही.

येथे एक व्यावहारिक अडचण आहे. बारीक तारा म्हणून गिटारच्या सुट्या तारा लावण्याचा मोह होतो, कारण त्या कोणत्याही दुकानात मिळतात, परंतु ३४ इंची बेसवर ब्रिजच्या मागच्या टोकापासून दूरच्या ट्यूनरपर्यंत, म्हणजे डोक्यावरच्या तार पिळण्याच्या खुंटीपर्यंत, त्या बहुधा पुरत नाहीत. लांब स्केलच्या सुट्या तारा किंवा आठ-तारीचा तयार संच मागवणे हाच मार्ग आहे. दुसरे असे की, ०.०१८ इंचांपर्यंत साधी पोलादी तार चालते; त्यापुढे गुंडाळलेली तारच घ्यावी. तेवढ्याच जाडीची साधी तार आतून भरीव असल्यामुळे दाबली की अधिक चढते, तर गुंडाळलेल्या तारेचा गाभा बारीक असल्याने ती कमी चढते. जोडी जुळवण्याच्या कामात हा फरक फार उपयोगी पडतो.

तारा लावून झाल्या की वाद्याला काही दिवस स्वस्थ राहू द्यावे. समुद्रमार्गे किंवा विमानाने आलेले लाकूड आपल्या हवेला सरावायला वेळ घेते. मुंबई-कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात वाद्य आले असेल तर मान ओलावा शोषून हळूहळू जागा बदलते. पुण्या-नागपूरकडे एप्रिल-मेमध्ये फ्रेटबोर्ड आक्रसून फ्रेटची टोके कडेला हाताला टोचू लागतात. अशा हालत्या मानेवर पहिल्याच आठवड्यात फ्रेट घासायला बसू नये.

मग मान तपासावी. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून शेवटच्या फ्रेटवर जाड ई तार दाबावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यातले अंतर फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या संचाने) मोजावे. हे गेज मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते. ०.३ ते ०.४ मिलिमीटर अंतर असेल तर मानेची कमान ठीक आहे. जास्त असेल तर ट्रस रॉड एका वेळी पाव फेरीच घट्ट करावा, तारा पुन्हा स्वरात लावाव्यात आणि मगच पुन्हा मोजावे. रॉड पूर्ण घट्ट होऊनही मान वाकलेलीच राहत असेल तर जोर लावून तो तोडू नये. अशा वेळी संपूर्ण वाद्य एक स्वर खाली, म्हणजे जाड तारा डी-जी-सी-एफ अशा लावण्याचा पर्याय विचारात घ्यावा. त्याने ताण सुमारे एकपंचमांशाने घटतो. वरच्या सप्तकाच्या तारा सोबत असल्यामुळे आठ-तारी खाली लावली तरी तिचा आवाज चार-तारीसारखा चिखल होत नाही, आणि काही वादक तर ती मुद्दाम तशीच ठेवतात. मूळ आठ-तारी बेसमध्ये गणला जाणारा, स्वीडनच्या हॅगस्ट्रॉम कंपनीने १९६७ साली बाजारात आणलेला एच-८ हा छोट्या स्केलचा होता, हेही या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. जिमी हेंड्रिक्सच्या बँडमधला नोएल रेडिंग तो वाजवत असे. स्केल छोटे असले की त्याच जाडीच्या तारेचा ताण आपोआप कमी होतो. आज मिळणारे बरेचसे स्वस्त बेस मात्र ३४ इंची आहेत आणि ती सवलत त्यांना नाही.

याच वेळी आणखी दोन ठिकाणी नजर टाकावी. एक, ब्रिजची मागची कड लाकडापासून कागद सरकेल इतकी उचलली गेली आहे का. तसे असेल तर स्क्रू ताण पेलत नाहीत आणि ते भोक कडक लाकडाच्या गोल काडीने, डिंक लावून, भरून नव्याने पाडावे लागेल. दोन, मान जेथे बॉडीला स्क्रूंनी जोडलेली आहे त्या खाचेत मान बाजूला हलते का. तारा सैल करून, चारही स्क्रू थोडे ढिले करून, मान खाचेत नीट बसवून पुन्हा आवळणे एवढ्यानेही कधीकधी बाहेरच्या जोडीची तार फ्रेटबोर्डच्या कडेवरून घसरणे थांबते.

आता नट. माझ्या अनुभवात स्वस्त आठ-तारीचा सर्वांत मोठा दोष येथे असतो, आणि आपल्या तक्रारींतली पहिल्या दोन-तीन फ्रेटवरची कणसूरता थेट याकडेच बोट दाखवते. याचे कारण असे की, सॅडल चुकीच्या जागी असेल तर त्याचा परिणाम मानेवर वर जाऊ तसा वाढतो. नट उंच असेल तर परिणाम सर्वांत जास्त पहिल्या फ्रेटवर दिसतो आणि पुढे कमी होतो, कारण नटाजवळची तार दाबताना तिला सर्वाधिक ताणावे लागते. जोडीतल्या दोन तारांचे गाभे वेगळे, त्यामुळे त्या ताणल्याने दोघी वेगवेगळ्या प्रमाणात चढतात आणि जोडी फुटते. आपल्याकडे दोन्ही लक्षणे आहेत, म्हणजे दोन्ही दोष आहेत. पण नट आधी, कारण नट बदलला की सॅडलची जागाही थोडी बदलते.

तपासण्याची पद्धत सोपी आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबावी आणि पहिल्या फ्रेटवर ती किती अधांतरी राहते ते पाहावे. जाड तारेखाली ०.२ मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक तारेखाली त्याहून कमी, जेमतेम कागदाएवढी फट असावी. कारखान्याच्या नटावर याच्या दुप्पट-तिप्पट फट नेहमी आढळते. खाचा खोल करण्यासाठी तारेच्या जाडीच्या कानशी मिळतात. त्या महाग वाटल्या तर बारीक तारांसाठी वेल्डिंगच्या नोजल साफ करण्याचा तारांचा संच हार्डवेअरच्या दुकानातून आणावा, त्याने काम निभावते.

खाचेचा आकार खोलीइतकाच महत्त्वाचा आहे. खाचेचा सर्वांत उंच बिंदू फ्रेटबोर्डाकडच्या कडेवर असावा आणि तेथून ती ट्यूनरकडे उतरत जावी. खाच सपाट राहिली, किंवा मध्येच उंच आणि पुढे खाली अशी झाली, की कंप पावणारी तार त्या सपाटीला पुन:पुन्हा चाटून जाते आणि तंबोऱ्याच्या घोडीवर जी जवारी कारागीर मुद्दाम, मेहनतीने काढतो ती येथे नको असताना फुकट मिळते. आपण ज्याला झणझणणे म्हणता त्याचा एक भाग बहुधा हाच असावा. ओळखण्याची खूण अशी: मोकळी तार झणझणते, पण कोणत्याही फ्रेटवर दाबली की झणझण थांबते. दाबल्यावरही ती चालूच राहिली तर दोष नटात नसून फ्रेटमध्ये किंवा ब्रिजवरच्या उंचीत आहे.

प्लास्टिकचा पोकळ नट असेल तर तो घासत बसण्याऐवजी हाडाचा नवा नट करावा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांच्या कारागिरांकडे घोडीसाठी वापरायचे हाडाचे तुकडे असतात आणि त्यांतला एखादा नटासाठी उत्तम चालतो. अशी ओळख नसेल तर तयार तुकडा मागवावा. नवा नट आखताना तारांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजू नये. कडेपासून कडेपर्यंत मोजावे. जोडीतल्या दोन तारांमध्ये साधारण २ मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी. त्याहून कमी ठेवली तर जोरात वाजवल्यावर जाड तार बारीक तारेवर आपटते; खूप जास्त ठेवली तर एका बोटाखाली दोन्ही नीट दबत नाहीत. मग उरलेली जागा जोड्यांमध्ये समान वाटावी.

खाचांची सापेक्ष उंची ठरवताना एक तडजोड करावी लागते. दोन्ही तारांचा खालचा भाग एका पातळीवर ठेवला तर जाड तारेचा माथा बारीक तारेच्या माथ्यापेक्षा साधारण पाऊण ते दीड मिलिमीटर वर राहतो. बोट आधी जाड तारेवर टेकते आणि बारीक तार अर्धवट दबते. दोन्हींचे माथे एका पातळीवर ठेवले तर बारीक तार फ्रेटपासून फार उंच जाते आणि दाबली की चढते. मी नटावर खालचे भाग जवळजवळ समपातळीत ठेवतो, आणि ब्रिजवर, जेथे वेगळी सॅडल असतील तेथे, बारीक तार किंचित वर उचलतो. वादक बोटांनी वाजवणारा असेल तर हे उचलणे थोडे अधिक ठेवतो. त्याला कोणतेही सूत्र नाही. वादकाला समोर बसवून करायचे ते काम आहे.

फ्रेटविषयी थोडक्यातच सांगतो. एखादा फ्रेट वर आलेला असेल तर बारीक तार तेथेच बोलते, कारण ती सर्वांत खाली असते. तीन फ्रेटवर टेकणारी छोटी सरळ पट्टी ठेवून ती डुलते का हे पाहावे. डुलली तर मधला फ्रेट उंच आहे. तो सुटलेला असेल तर दाबून चिकटवावा, सुटलेला नसेल तर घासून पुन्हा गोलाई द्यावी. हे काम हात बसलेल्या माणसाकडून करून घेतलेले बरे.

ब्रिजकडे येऊ. आठ स्वतंत्र सॅडल असतील तर आपले काम पुष्कळच सोपे आहे. चारच सॅडल असतील आणि प्रत्येकावर जोडी बसत असेल, जसे बऱ्याच स्वस्त बेसवर असते, तर दोन तारांना एकच लांबी मिळते आणि येथे भौतिक अडचण उभी राहते. जाड तारेला बारीक तारेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर अधिक लांबी हवी असते, ई जोडीत कधी त्याहूनही अधिक. ३४ इंची स्केलवर सॅडल १ मिलिमीटर सरकवले की मोकळ्या स्वराच्या तुलनेत बाराव्या फ्रेटचा स्वर सुमारे २ सेंटांनी सरकतो. म्हणजे एका सॅडलमुळे येणारी विसंगती बाराव्या फ्रेटवर साधारण ४ ते ६ सेंटांची असते. हा आकडा मुद्दाम सांगतो, कारण बाजारात असा समज आहे की चार सॅडलचा ब्रिज म्हणजे सगळा खेळ संपला. तसे नाही. आपल्याला जी विसंगती ऐकवत नाही ती एवढ्याशा फरकातून येणार नाही. तिच्यात उंच नट, उंच ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) आणि बहुधा कोणीच कधी न हलवलेले सॅडल यांचा मोठा वाटा असावा. त्यामुळे ब्रिज विकत घेण्याआधी नट आणि ॲक्शन उरकून, आहे त्या सॅडलची जागा नीट लावून, मग ऐकावे.

चार सॅडलवर जागा लावताना मी ई आणि ए जोडीत कौल जाड तारेच्या बाजूने देतो, कारण बँडचा पाया तीच धरते. डी आणि जी जोडीत सॅडल दोन्हींच्या मध्यावर ठेवतो. एवढ्याने समाधान झाले नाही तर सॅडललाच आकार द्यावा. पितळी सॅडल असेल तर त्याच्या माथ्यावर जाड तार मागच्या कडेवर आणि बारीक तार पुढच्या कडेवर टेकेल अशा दोन उतरत्या खाचा कानशीने काढता येतात; आठ-दहा मिलिमीटर रुंदीच्या सॅडलमध्ये त्यातून हवे ते दोन-तीन मिलिमीटर सहज मिळतात. मूळ सॅडल पत्र्याचे किंवा ठिसूळ ओतीव धातूचे असेल तर ते घासू नये. तेवढ्याच मापाचे चार पितळी सॅडल एखाद्या लेथवाल्याकडून करून घ्यावेत. नवा ब्रिज घेण्यापेक्षा हे पुष्कळ स्वस्त पडते, आणि बॉडीला नवी भोकेही पाडावी लागत नाहीत.

नवा आठ सॅडलचा ब्रिज घ्यायचेच ठरले तर तारांमधले अंतर, पायाची उंची आणि सॅडलचा मागे-पुढे सरकण्याचा पल्ला ही तीन मापे आधी जुळवावीत. विक्रेत्याच्या छायाचित्रावर विसंबू नये. बसवताना नटापासून बाराव्या फ्रेटपर्यंतचे अंतर स्वतः मोजावे. ३४ इंची स्केलवर ते ४३१.८ मिलिमीटर असते. त्याच्या दुपटीवर सर्वांत बारीक तारेचे सॅडल यायला हवे, आणि ते त्या वेळी जवळजवळ पूर्ण पुढे असावे, म्हणजे इतर सगळ्यांना मागे सरकायला जागा उरते. भोके पाडण्यापूर्वी दोन्ही बाहेरच्या तारांच्या जागी दोरा ताणून तो फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर राहतो ना, हे पाहावे. ब्रिजखालून येणारी अर्थची वायर नव्या ब्रिजला टेकली पाहिजे, हे विसरू नये.

इंटोनेशन लावताना जोडीतली एक तार बोटाने किंवा फोमच्या तुकड्याने बंद करून दुसरी एकटी मोजावी. बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसता हलका स्पर्श करून काढलेला स्वर) आणि दाबलेला स्वर यांची तुलना करावी. दाबलेला स्वर चढा आला तर सॅडल मागे, उतरलेला आला तर पुढे. आठही तारांचे झाले की मात्र स्वर मोजणारा ट्यूनर बाजूला ठेवावा. जाड तारेच्या कडकपणामुळे तिचा दुसरा स्वरांश गणितातल्या दुपटीपेक्षा किंचित चढा असतो, म्हणून ट्यूनरवर दोन्ही अचूक दिसणारी जोडी कानाला थोडी सैल वाटू शकते. मी जाड तार ट्यूनरवर लावतो आणि बारीक तार कानाने तिच्याशी मिळवतो, तेही मोकळी नव्हे, तर पाचव्या किंवा सातव्या फ्रेटवर दाबून, कारण प्रत्यक्ष वाजवणे बहुतेक तेथेच होते. तार पिळण्याच्या ट्यूनरमध्ये ढिलाई असेल तर तार नेहमी खालून वर चढवत स्वरावर आणावी. वरून खाली उतरवली की ती थोड्या वेळाने आणखी उतरते. खाचेत पेन्सिलीचे शिसे घासल्याने तार अडकत नाही आणि बदललेल्या ट्यूनरइतका फरक कित्येकदा त्यानेच पडतो.

मान झुकण्याचे कारण डोक्यावरचे आठ ट्यूनर आहे. त्यांतले चार बारीक तारांसाठी आहेत आणि तेथे बेसचे जड ट्यूनर असण्याची काहीच गरज नाही. गिटारचे हलके ट्यूनर बसले तर तेवढा भार कमी होतो. उरलेल्या चार जागी हलक्या वजनाचे बेस ट्यूनर घेता येतील. पण त्याआधी आतून खरखरीत चामड्याचा रुंद पट्टा घेऊन पाहावा. तो खांद्यावरून सरकत नाही आणि पुष्कळांची तक्रार तेथेच संपते.

शेवटी गुणगुण. वाद्य ॲम्पला लावून हात तारांवर ठेवावा. गुणगुण कमी झाली तर ब्रिजची अर्थ वायर ठीक आहे आणि शील्डिंग (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारे धातूचे अस्तर) नाही, एवढाच अर्थ. काहीच फरक पडला नाही तर अर्थ वायर तुटलेली किंवा सुटलेली आहे. हात लावल्यावर गुणगुण वाढली तर जॅकवरच्या दोन वायर बहुधा उलट जोडल्या गेल्या आहेत. त्याहीआधी ॲम्प कोठे लावला आहे ते पाहावे: तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या ॲडॅप्टरमधून जात असेल तर अर्थिंगच तुटते, आणि तेव्हा प्रश्न गुणगुणीचा राहत नाही, धातूच्या तारांना हात लावणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेचा होतो. ते आधी दुरुस्त करावे. शील्डिंगसाठी लागणारी तांब्याची पट्टी आणि नवे पॉट (आवाज-टोन कमीजास्त करणारे फिरते भाग) मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात. पिकअप आणि कंट्रोलच्या पोकळ्यांना पट्टी चिकटवून, तुकडे एकमेकांना सोल्डरने जोडून, त्यांना अर्थ द्यावा. त्या एका संध्याकाळच्या कामाने बहुतेक स्वस्त वाद्ये शांत होतात.

त्यानंतरही पिकअप बदलायचा असेल तर जरूर बदलावा, पण निवडताना एक गोष्ट पाहावी. जोडीत जाड आणि बारीक तार आळीपाळीने येत असल्यामुळे पिकअप एका बाजूला तिरपा करून बारीक तारांचा आवाज वाढवता येत नाही. म्हणून बाहेरच्या तारांमधले अंतर झाकणारा, अखंड पट्टीचा चुंबक असलेला पिकअप, किंवा प्रत्येक तारेखाली वेगळा वर-खाली होणारा स्क्रू असलेला पिकअप, एवढेच दोन प्रकार माझ्या मते उपयोगी आहेत. बारीक तारा फार दबत असतील तर सिग्नल दोन वाटांनी पाठवणे हा दुसरा उपाय आहे: क्रॉसओव्हरने (खालचे आणि वरचे स्वर वेगळे करणाऱ्या उपकरणाने) खालचा भाग स्वच्छ ठेवून बेस ॲम्पकडे, आणि वरचा भाग थोडे डिस्टॉर्शन देऊन गिटार ॲम्पकडे. डिस्टॉर्शन मात्र जोडी जुळल्यानंतरच लावावे, कारण ते प्रत्येक हेलकावा मोठा करून दाखवते.

आपण ब्रिजचे वरून काढलेले छायाचित्र, सॅडलची संख्या आणि धातू, पहिल्या फ्रेटवरची आठही तारांखालची फट आणि ट्रस रॉड किती फिरतो एवढे कळवावे. त्यावरून सॅडल घासून भागेल की ब्रिज बदलावा लागेल, हे अधिक खात्रीने सांगता येईल.